दर्यात लाट फुटत नाही

आमच्या 'ट्रेझर आयलंड' या श्रुतिकेबद्दलची पहिली परखड प्रतिक्रिया तिसऱ्या संध्याकाळी आली, आणि ती कथेबद्दल नव्हती, नटांबद्दल नव्हती, माझ्या भाषेबद्दलही नव्हती. हिस्पॅनिओला जहाज ब्रिस्टल बंदर सोडून भर समुद्रात आले होते, डेकवर खलाशांची गाणी चालली होती आणि त्यामागे लाटांचा खळखळाट छान भरून राहिला होता. निदान मला तो छान वाटत होता. वाचनालयाच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेल्या, चाळीस वर्षे दर्यावर काढलेल्या एका तांडेलकाकांनी विडी विझवली आणि कोणाकडेही न बघता म्हटले, "ह्यो आवाज किनाऱ्यावरचो. भायर दर्यात लाट फुटणा नाय."

पडवीतल्या आठ-दहा डोक्यांनी मान हलवली. मी या गावात जन्मले, पन्नास पावसाळे समुद्राचा आवाज ऐकत झोपले, आणि ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. लाट फुटते ती पाणी उथळ झाले की. खोल पाण्यात, वारा पिसाळलेला नसेल तर, ती नुसती खालून जाते, होडीला उचलते आणि सोडते. तिथे ऐकू येते ते फळ्यांवर पाण्याचे चापट मारणे, दोराचे घासणे, लाकडाचे कण्हणे आणि शिडातला वारा. आमच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने ओहोटीच्या वेळी पुळणीवर उभे राहून मोबाइलवर समुद्र टिपला होता आणि तोच आवाज आठही भागांत, बंदरात, डेकवर, तळघरात, सगळीकडे पसरला होता. थोडक्यात, आमचे जहाज आठ भाग किनाऱ्याला लागूनच उभे होते.

मागची हकिकत थोडी सांगायला हवी. देवगड आणि विजयदुर्ग यांच्या मधल्या आमच्या गावातल्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या हौशी मंडळींनी ठरवले की यंदा एकांकिका नको, काहीतरी नुसते ऐकण्याचे करू. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड', चाच्यांच्या पुरलेल्या खजिन्यामागे निघालेल्या जिम या खाणावळवालीच्या मुलाची कादंबरी, माझ्या आवडीची, म्हणून रूपांतराचे काम माझ्या गळ्यात पडले. मूळ चौतीस प्रकरणांचे मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ भाग केले आणि सोळा जणांनी भूमिका वाटून घेतल्या. गेल्या पावसाळ्यात मासेमारीबंदीच्या दिवसांत, होड्या शाकारून ठेवलेल्या आणि माणसे घरी असताना, आम्ही आठ संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत ती सर्वांना ऐकवली. जी मंडळी आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींची वाट बघत मोठी झाली, त्यांना कानाने नाटक बघण्याची सवय होतीच. मुलांना नव्हती. ती पहिल्या संध्याकाळी मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून बसली होती, कारण आवाज येतो आहे म्हणजे चित्रही येणार, अशी त्यांची खात्री होती.

मी कौतुकाची किंवा घोरण्याची तयारी ठेवली होती. मिळाल्या त्या दुरुस्त्या, आणि त्या वहीत उतरवताना मला सारखे वाटत होते की या कादंबरीच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नाही. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, पाऊस आणि थंडीने घरात कोंडल्यामुळे स्टीव्हन्सनने सावत्र मुलासोबत रंगवलेल्या बेटाच्या नकाशातून ही गोष्ट सुरू झाली. रोज एक प्रकरण लिहायचे आणि दुपारी घरच्यांना वाचून दाखवायचे, असे पंधरा दिवस चालले. म्हणजे ही कादंबरी छापली जाण्याआधी ऐकली गेली. ऐकणाऱ्यांत स्टीव्हन्सनचे वडील होते, जे पेशाने दीपगृहे बांधणारे अभियंता होते. त्यांनी नुसती मान डोलावली नाही. जिमच्या खाणावळीत उतरलेल्या बिली बोन्स या म्हाताऱ्या चाच्याच्या पेटीत काय काय निघावे याची यादी त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिली आणि मुलाने ती जशीच्या तशी वापरली. खजिना पुरून ठेवणाऱ्या फ्लिंट या चाच्याच्या जुन्या जहाजाचे 'वॉलरस' हे नावही त्यांच्याच आग्रहाचे. समुद्र ओळखणारा श्रोता गप्प बसत नाही, हे पहिल्या वाचनापासूनच दिसते.

त्या पेटीच्या प्रसंगाने आमच्याकडे बायकांची बाजू पकडली. कथेत बोलणारी बाई म्हणावी तर एकच, जिमची आई, आणि तीही सुरुवातीच्या प्रकरणांपुरती. सावत्र मुलाचा हुकूमच होता की गोष्टीत बायका नकोत. पण ही एक बाई काय करते पाहा. मेलेल्या चाच्याची पेटी उघडलेली आहे, त्याचे साथीदार कोणत्याही क्षणी येतील अशी स्थिती आहे, आणि ही खाणावळीची थकबाकी मोजत बसते. पेटीत देशोदेशीची नाणी मिसळलेली. तिला हिशेब येतो तो गिनी या इंग्रजी नाण्याचा, आणि गिनीच सर्वांत कमी. जादा एक छदामही घ्यायला ती तयार नाही आणि कमी घ्यायलाही नाही. संहिता लिहिताना मला वाटले होते की श्रोते तिला हट्टी किंवा लोभी म्हणतील, म्हणून मी तो भाग थोडा छाटला होता. एसटी स्टँडजवळ खाणावळ चालवणाऱ्या मावशींनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन मला विचारले, की तिने नक्की किती पैसे घेतले ते का सांगितले नाही. "सहा म्हयने फुकट जेवलो मेलो, आणि तिना मोजूचा नाय?" मावशींच्या मते त्या प्रसंगात भीती वाटते ती चाच्यांमुळे नव्हे, तर मोजणी पुरी होते की नाही या धास्तीमुळे. मी मूळ पान पुन्हा वाचले आणि मला कबूल करावे लागले की त्यांचे बरोबर आहे. तिथे स्टीव्हन्सनने बाहेरच्या काठीचा आवाज आणि आतल्या नाण्यांचा आवाज एकमेकांवर ताणून धरले आहेत, आणि मी त्यातला एक तोडला होता.

काठीचा आवाज त्या पेटीमागे आलेल्या प्यू या आंधळ्या चाच्याचा. आमच्या गावात एक गृहस्थ लहानपणापासून अंध आहेत, सायकलच्या दुकानात बसतात आणि चाकाचा आवाज ऐकून आरे कुठे ढिले आहेत ते सांगतात. प्यूच्या प्रसंगाला ते काय म्हणतात याची मला काळजी होती, कारण तो माणूस दुष्ट आहे आणि त्याचे आंधळेपणच भीतीचे साधन केलेले आहे. त्यांना त्याबद्दल काहीच म्हणायचे नव्हते. "आंधळो वाईट असूक शकता," एवढे म्हणून ते थेट मुद्द्यावर आले. मुद्दा असा, की आमचा प्यू काठी घड्याळासारखी आपटत होता. ओळखीच्या वाटेवर काठी पुढे नुसती सरकते, तिला विचारायचे काही नसते. परक्या वाटेवर ती डावीकडे, उजवीकडे विचारत जाते, मध्येच थांबते, पुन्हा तीच जागा चाचपते. प्यूला त्या खाणावळीची वाट परकी आहे. शिवाय कथेत रस्ता गोठलेला आहे, आणि आमची काठी पावसाळी मातीवर पडल्यासारखी बद्द वाजत होती. नवीन मुद्रणाच्या वेळी त्यांनीच प्यूची काठी वाजवली, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कडप्प्याच्या फरशीवर, एका हाताने कपाट धरून. तीन-चार ठोके, मग काहीच नाही, मग दूरवर एक. ते 'काहीच नाही' ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि संहिता तर माझीच होती.

सफरचंदांच्या पिंपाचा प्रसंग सर्वांना आवडणार हे मला ठाऊक होते, त्याबद्दल फार लिहीत नाही. पिंपात दडलेला जिम खलाशांच्या बंडाचा कट ऐकतो पण बघू शकत नाही. श्रोत्याची अवस्थाही तीच. आम्ही तो भाग खरोखरच पाण्याच्या रिकाम्या पिंपात मोबाइल ठेवून मुद्रित केला होता, आणि ऐकवताना नेमकी वीज गेली. पडवीत पूर्ण काळोख, पत्र्यावर पाऊस, बॅटरीवर चालणारा एक लहानसा स्पीकर आणि त्यातून येणारा, कटाचा म्होरक्या असलेल्या सिल्व्हर या एका पायाच्या आचाऱ्याचा गोड आवाज.

या सिल्व्हरवरून मात्र दोन तट पडले. भूमिका करणारे आमचे कलाकार मूळचे दशावतारी. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेश ठरतात, आणि संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. त्यांनी माझी वही एकदा ऐकून घेतली, मिटली आणि मला म्हणाले, "प्रसंग कळलो, आता माका सोडा." त्यांचा सिल्व्हर इतका लाघवी झाला की तो कुबडी टेकत स्वयंपाकघरात शिरला, घासून लख्ख केलेली भांडी जिमला दाखवू लागला आणि पिंजऱ्यातल्या पोपटाशी लाडाने बोलू लागला, तेव्हा पडवीतली माणसे हसत होती. मग बेटावर तो टॉम नावाच्या प्रामाणिक खलाशाला पाठीमागून कुबडी फेकून पाडतो आणि सुऱ्याने संपवतो. कुबडीचा भिरभिराट, धपकन पडण्याचा आवाज, बस. एक बाई पुढच्या संध्याकाळी आल्याच नाहीत. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या की त्यांना फसवल्यासारखे वाटले, त्याच्या हातचे आपण आनंदाने जेवलो असतो. दुसऱ्या बाजूला सातवीतली एक मुलगी शेवटच्या दिवशी तक्रार घेऊन आली: हा माणूस चांगला की वाईट ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलेच नाही.

मी दोघींचीही ऋणी आहे, कारण पूर्ण नटसंचाची श्रुतिका आणि एका आवाजातले वाचन यांतला फरक मला त्यांच्यामुळे कळला. पुस्तकात सिल्व्हर आणि आपण यांच्या मध्ये मोठा झालेला जिम उभा असतो. तो सारे आठवून सांगतो आहे, त्याला शेवट माहीत आहे, आणि त्याच्या स्वरात एक सावधपणा असतोच. नटसंच आला की सिल्व्हर थेट आपल्या कानात बोलतो, मध्ये कोणी उरत नाही, आणि आपण जिमइतकेच फसतो. ऑर्सन वेल्सने १९३८ च्या जुलैमध्ये अमेरिकन रेडिओवर ही कादंबरी सादर केली तेव्हा सिल्व्हर आणि मोठा जिम या दोन्ही भूमिका त्याने स्वतःच केल्या होत्या. फसवणारा आणि फसवणुकीची आठवण सांगणारा, दोघांचा गळा एकच. हे वाचले होते तेव्हा मला तो निव्वळ नटाचा हव्यास वाटला होता. आता तसे वाटत नाही.

पोपटाची गंमत वेगळी. मूळ पोपट 'पीसेस ऑफ एट' ओरडतो, म्हणजे आठ रिआल किमतीचे स्पॅनिश चांदीचे नाणे. मी भाबडेपणाने 'आठाची नाणी! आठाची नाणी!' असे केले होते. सुपात काजूगर निवडत ऐकणाऱ्या एका आजींना ते 'आठ आण्याची नाणी' असे ऐकू गेले आणि पाचव्या दिवशी त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "आठ आण्यांसाठी इतकी माणसां मारल्यानी?" त्यानंतर गावातल्या पोरांनी पोपटाचा गळा काढून 'आठ आणे! आठ आणे!' असा धोशा लावला, आणि मला मान्य करावे लागले की पोपटाच्या तोंडी ते माझ्या भाषांतरापेक्षा अधिक शोभते. दुसऱ्या आवृत्तीत मी 'रिआल आठ! रिआल आठ!' केले आहे. अर्थ बरोबर आहे. पोरे अजून आठ आणेच ओरडतात.

याच पोपटाबद्दल सिल्व्हर सांगतो की तो मादागास्करला आणि मलबारला जाऊन आला आहे, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचे जहाज कॅप्टन इंग्लंडने पकडले तेव्हा तो तिथे हजर होता. गोव्याचे नाव निघताच आमचे निवृत्त गुरुजी ताठ बसले. दुसऱ्या दिवशी ते टिपण घेऊन आले: एडवर्ड इंग्लंड हा खरा चाचा, त्याने १७२० मध्ये कोमोरो बेटांजवळ 'कॅसांड्रा' जहाज जिंकले हेही खरे, पण त्यानंतर त्याच्याच माणसांनी त्याला पदावरून काढून मॉरिशसला सोडून दिले. गोव्याच्या व्हाइसरॉयचे जहाज १७२१ मध्ये रेयुनियन बेटाजवळ सापडले ते टेलर आणि ला ब्यूझ या दुसऱ्या चाच्यांना. "तेव्हा एक तर स्टीव्हन्सन चुकला आहे, नाही तर सिल्व्हर थाप मारतो आहे," असा निकाल देऊन गुरुजींनी दुसरा पर्याय स्वीकारला, कारण तो सिल्व्हरच्या स्वभावाला धरून आहे. यावर एका मुलाने विचारले की मग त्याच काळातले आपले कान्होजी आंग्रे, त्यांनाही इंग्रज चाचेच म्हणत ना? पडवीत एकदम शांतता पसरली. विजयदुर्गाच्या सावलीत हा प्रश्न विचारणे सोपे नाही. गुरुजींनी चिडण्याऐवजी समजावले की कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे असा त्यांचा नियम होता, आणि न घेणाऱ्याला ते पकडत. इंग्रजांना ते दस्तक घेणे मान्य नव्हते, म्हणून शब्द 'चाचा'. त्या १७२० सालीच इंग्रजांनी विजयदुर्गावर आरमार आणले होते आणि हात हलवत परत गेले होते, ही पुस्ती जोडायला गुरुजी विसरले नाहीत.

सर्वांत बोचलेली प्रतिक्रिया मुंबईहून आली. आम्ही ध्वनिफिती गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकल्या होत्या. लालबागच्या एका चाकरमान्यांनी चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. त्यांचा मुद्दा एका वाक्यात असा: तुमच्याकडे चाचे तेवढे मालवणी बोलतात आणि सज्जन माणसे छापील मराठी. मी बचावाची वाक्ये जुळवायला बसले. मूळ इंग्रजीतही चाच्यांच्या तोंडी किनाऱ्याची बोली आहे, १९५० च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन याने आपली नैऋत्य इंग्लंडमधली बोली फुगवून सिल्व्हर रंगवला आणि तेव्हापासून जगभरचे चाचे त्याच हेलात बोलू लागले, वगैरे. वाक्ये खरी होती आणि उत्तर मात्र होत नव्हते. त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या बोलीवर जे झाले तेच मी माझ्या आईच्या बोलीवर केले होते, आणि तेही नकळत. खाणावळवाली आई, तिचा मुलगा जिम, टॉमसारखे प्रामाणिक खलाशी, ही सगळी किनाऱ्याची माणसे; त्यांनी मालवणी बोलायला काय हरकत होती?

दुसऱ्या आवृत्तीत ती सगळी मालवणी बोलतात. आई पेटीवर बसून ठणकावते, "माझा जा काय आसा ता घेतलंय, वरची पै नको," आणि छाटलेली मोजणीही पूर्ण परत आली आहे. छापील मराठी उरली ती डॉक्टर, जहागीरदार आणि कॅप्टन यांच्याकडे, कारण तिथे ती शोभते. यात एक अडचण आपोआप सुटली. मोठा जिम निवेदन करतो आणि लहान जिम संवाद बोलतो, हे दोन जिम श्रोत्यांना वेगळे ओळखू येत नव्हते. आता मोठा जिम शिकून आल्यासारखा प्रमाण मराठीत सांगतो आणि लहान जिम घरच्या बोलीत बोलतो. लालबागच्या गृहस्थांना मी हे कळवले तेव्हा त्यांनी अंगठा पाठवला, शब्द नाहीत.

आता तांडेलकाकांकडे परत येते. त्यांनी एकदा फटकारल्यावर पुढचे तीन दिवस मी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत बसत असे. सहाव्या संध्याकाळी जिम रात्री, बेटावर एकट्याच सोडून दिलेल्या बेन गन या खलाशाच्या टोपलीवजा होडीतून हिस्पॅनिओलाजवळ जातो आणि तिचा नांगराचा दोर कापतो. ओहोटीच्या ओढीने दोर धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला आहे. जिम सुरा काढतो आणि थांबतो, कारण ताणलेला दोर एकदम तोडला तर तो लाथ मारणाऱ्या घोड्याइतका धोक्याचा. मग वाऱ्याची एक झुळूक जहाजाला प्रवाहावर मागे लोटते, दोर ढिला पडतो, तो एकेक पेड कापत जातो, शेवटचे दोन ठेवून पुन्हा थांबतो, आणि पुढच्या ढिलाईला तेही तोडतो. माझ्या मुद्रणात हे सगळे दीड मिनिटाचे होते आणि मला ते कंटाळवाणे वाटल्यामुळे आणखी छाटणार होते. पडवीतल्या मच्छीमारांपैकी एकानेही त्या दीड मिनिटात विडी पेटवली नाही. तांडेलकाकांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा पेड चाचपल्यासारखा हलत होता. भाग संपल्यावर ते म्हणाले, "ताणलेलो दोर असो कापूचो नसता, फिरान तोंडावर येता. झिलाक कळता." आणि मग, माझ्याकडे पहिल्यांदाच बघून, "लिवणारो दर्यावर गेल्लो काय?" मी सांगितले की त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहे बांधली जात होती. त्यांनी "मगे बरोबर" म्हणून विषय मिटवला.

समुद्राचा आवाज बदलायचा तर तो आणायचा कुठून, हा प्रश्न उरला. शिडाची गलबते आता नाहीत, ट्रॉलरवर इंजिनाच्या धडधडीपुढे काही ऐकू येत नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, आणि साधारण महिनाभराने तांडेलकाकांच्या मोबाइलवरून मला एक ध्वनिफीत आली. रात्री वीस वाव खोल पाण्यात नांगर टाकून, इंजिन बंद करून त्यांनी ती घेतली होती. अकरा मिनिटे. फळीवर पाण्याची चापट, दोराचा करकरणारा एक लांब सूर, पुन्हा चापट, कुठेतरी भांडे हलल्याचा आवाज, झोपेत कोणीतरी खोकल्याचा आवाज, आणि लाट एकदाही फुटत नाही. शेवटी अगदी जवळून त्यांचा स्वतःचा आवाज येतो: "पुरे मा?"

तेवढे दोन शब्द आम्ही कापले. खोकला ठेवला आहे. सफरचंदांच्या पिंपाच्या प्रसंगात, कट रंगात आलेला असताना तो ऐकू येतो.